खालचा कार्बोरेटर

माझ्या सासऱ्यांनी सतरा वर्षांत माझ्या एकाही कामाला चांगलं म्हटलेलं नाही. लग्न ठरलं तेव्हा मी त्यांच्या बोटीचं इंजिन अख्खं उघडून, धुऊन, पुन्हा बांधून दिलं होतं. त्यांनी ते चालू केलं, वरच्या कव्हरावर उजवा तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं आहे." मला वाटलं, पहिलीच वेळ आहे, माणूस हातचं राखून बोलतोय. अजून राखूनच बोलतात.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. पत्र्याचं छप्पर, एक लांब बाक, काम आवळून धरायला एक शेगडा आणि कोपऱ्यात एक सिमेंटची टाकी. इंजिनाचा पाय त्या टाकीतल्या पाण्यात सोडून इंजिन चालवून बघता येतं. शेजारी हवेचा कंप्रेसर आहे. तो आपल्या मर्जीचा मालक आहे. हवा कमी झाली की आपणहून धडधडायला लागतो, मग समोर माणूस बोलत असो की रडत असो. भिंतीवर मी स्वतः रंगवलेली पाटी आहे: 'चालू इंजिन उघडलं जाणार नाही.' चांगलं चाललेलं इंजिन घेऊन येऊन "जरा बघा ना" म्हणणाऱ्या लोकांसाठी ती आहे. दुकानामागे आमचं घर, आणि मध्ये एक दार, ज्यातून बायको चहा आणते आणि मी काय चुकीचं बोललो ते ऐकते.

सासरे फेरी चालवतात. या काठावरून त्या काठावर, अकरा मिनिटं, दिवसाला आठ खेपा, एकेचाळीस वर्षं. बोटीच्या मागच्या फळीवर इंजिन टांगलेलं, त्याच्या हँडलाला हात लावून हे बसलेले. इतकी वर्षं इंजिनाच्या कुशीत बसून त्यांचा उजवा कान गेला आहे आणि डावा जायच्या वाटेवर आहे. म्हणून इंजिन ते कानाने तपासत नाहीत, हाताने तपासतात. तळहात कव्हरावर, डोळे बंद. मी मीटर लावून जे सांगतो ते हे हात लावून सांगतात, आणि दुःख असं की त्यांचं बरोबर येतं.

तर एका मंगळवारी सकाळी ते दुकानात आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "जावईबापू, इंजिन स्लोला बसत नाही. धक्क्याला लागताना थरथरतं. तुमचं काम कच्चं राहिलंय."

जावईबापू हा शब्द बाकीचे सासरे मान द्यायला वापरतात.

महिन्याभरापूर्वीच मी ते इंजिन बघितलं होतं. मी म्हणालो, "बाबा, नेहमी पळतं तसं पळतंय ना?"

"पळतंय. पळण्याचं कोण बोलतंय? उभं राहत नाही."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, कारण रोगाचं वर्णन इतकं नेमकं करणारं गिऱ्हाईक मिळत नाही. पण आधीच्या आठवड्यात काय झालं होतं ते मला माहीत होतं. बोट दोनदा धक्क्यावर आदळली होती. दुसऱ्यांदा शाळेच्या बाई पिशवी घेऊन उठत होत्या, त्यांचा गुडघा बाकावर आपटला. बाई चार दिवस लंगडत होत्या आणि लंगडतानाही सगळ्यांना सांगत होत्या की काही नाही, थोडंसंच लागलंय. फेरी सोसायटीच्या सेक्रेटरीने सासऱ्यांना सांगितलं, की सोमवारी पहिल्या खेपेला मी स्वतः बोटीत बसणार. बोट नीट धक्क्याला लागली तर ठीक, नाही तर तुमची पाळी दुसऱ्या बोटीला. सासऱ्यांनी त्याला उत्तर दिलं, "दोष इंजिनात आहे. जावई बघतोय."

म्हणजे दोष माझ्यात आहे हे धक्क्यावर पोराटोरांपासून सगळ्यांना कळलं.

पाळी गेली की सासरे घरी बसणार. घरी बसलेले सासरे मी कधी पाहिले नाहीत. बायको सांगते, एकदा त्यांचा पाय मुरगळला होता तेव्हा चार दिवस तिने बोट चालवली आणि हे खिडकीत उभे राहून प्रत्येक खेपेची वेळ मोजत होते. पाचव्या दिवशी लंगडत गेले आणि हँडल काढून घेतलं. बोट सोडून त्यांना दुसरं काही येत नाही, आवडत नाही आणि सुचत नाही. मला त्यांचा राग येतो, पण ते सोमवारनंतर काय करतील हा विचार माझ्या डोक्यातून जाईना, हेही खरं आहे.

इंजिन दोघांनी मिळून दुकानात आणलं, टाकीवर टांगलं, चालू केलं. आणि खरंच ते थरथरत होतं. हँडल तर डाव्या-उजव्या अंगाला अशी मान हलवत होतं, जणू कोणी काही विचारलंय आणि त्याला ते मान्य नाही.

इंजिन पळताना पेट्रोल मोठ्या भोकातून पितं. तिथे थोडी घाण असली तरी चालून जातं. पण स्लोला आलं की मोठं भोक बंद आणि सगळा कारभार एका केसाएवढ्या भोकावर. ते तुंबलं की इंजिन खोकतं, अडखळतं, धक्क्याजवळ नेमकं मरतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, उभं असताना कसं आहे ते सांगा. पळताना सगळीच इंजिनं गुणी असतात.

या इंजिनाला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, एक वर, एक खाली. मी वरच्या प्लगची वायर काढून बाजूला टेकवली, इंजिन लगेच बंद. परत लावली, चालू केलं, खालच्या प्लगची काढली. काही फरक नाही. म्हणजे खालचा सिलिंडर दोन भावांच्या दुकानातल्या धाकट्या भावासारखा नुसता बसून होता. शिवाय स्लोचा स्क्रू नेहमीपेक्षा दीड फेरा आत होता. इंजिन मरू नये म्हणून कोणीतरी त्याला जास्त पळवत ठेवलं होतं. हे म्हणजे ताप आला की थर्मामीटर धुऊन ठेवण्यासारखं आहे.

"हा स्क्रू कोणी फिरवला?" मी विचारलं.

"फिरवला असेल कोणीतरी," सासरे म्हणाले. त्या बोटीवर ते सोडून दुसरं कोणी नसतं.

खालचा कार्बोरेटर उघडला. तळाशी जुन्या पेट्रोलचा चिकट पिवळा थर. बारीक जेट, म्हणजे तेच केसाएवढं भोक, उजेडापुढे धरलं तर आरपार काही दिसेना. त्यात तार घालायची नसते, भोक मोठं होतं आणि मग जन्मभर इंजिन जास्त पितं. मी औषध मारलं, भिजत ठेवलं, हवा मारली, पुन्हा औषध, पुन्हा हवा. दुपारी उजेडापुढे धरलं तेव्हा आत एक लख्ख ठिपका दिसला. तो ठिपका दिसला की मला जो आनंद होतो तो मी लोकांना सांगत नाही, कारण लोक मला चांगल्या डोक्याचा समजतात.

बांधलं, लावलं, स्क्रू जागेवर आणला. इंजिन स्लोला असं बसलं की टाकीतल्या पाण्याला सुरकुती पडेना. सासऱ्यांनी कव्हरावर हात ठेवला, डोळे मिटले.

"बारीक गेली," ते म्हणाले. "मोठी आहे."

"काय मोठी आहे?"

"थरथर. दोन होत्या. बारीक गेली. मोठी आहे तशीच आहे."

मी चडफडत इंजिन बोटीवर बसवून दिलं आणि म्हणालो, दोन दिवस चालवून बघा.

गुरुवारी इंजिन परत. बुधवारी बोट पुन्हा धक्क्याला घासली होती, या वेळी पिशवीतली अंडी फुटली. मी दोन्ही कार्बोरेटर उघडले. फ्लोटची उंची मोजली. गॅस्केट नवे घातले. जोडांवर फवारा मारून कुठून हवा ओढतंय का पाहिलं, नाही ओढत. प्लग बदलले. बोटीच्या इंधनाच्या टाकीत ताजं पेट्रोल, नळीचा रबरी फुगा नवा. दोन्ही कार्बोरेटरची झडप एकाच वेळी उघडते का ते कागदाची पट्टी घालून तपासलं. आता यापुढे तपासायला इंजिनाची जन्मपत्रिकाच उरली होती.

चालू केलं. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला मी कव्हरावर ठेवला. पाणी शहारत होतं, पण थेंब सांडला नाही.

"बघा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी पेला उचलून बाजूला ठेवला, तळहात टेकवला. "आहे," ते म्हणाले.

"बाबा, पेल्यातलं पाणी सांडत नाही!"

"पेल्याला काय कळतं?"

मी तोंडाला येईल ते बोललो असतो, पण तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बायको चहा घेऊन आली. मला भरलेला कप, तिच्या वडिलांना अर्धा. गेलं वर्षभर ती त्यांना अर्धाच कप देते. मला ते खटकायचं. सख्ख्या बापाला चहा देताना कसला हात आखडता घ्यायचा? एकदा बोललो तर म्हणाली, त्यांना तेवढाच लागतो. मग ते दोनदा मागून का पितात, ते मी विचारलं नाही. बाप-लेकीत पडू नये.

ते गेल्यावर मी मात्र तिच्यापाशी मन मोकळं केलं. "तुझ्या वडिलांना मला खाली बघायला लावायचंय. इंजिनात काही नाही. सतरा वर्षं झाली, त्यांना एकदा चांगलं म्हणायला काय जातं?"

ती कप उचलत होती. म्हणाली, "आणखी एकदा बघा ना."

"चालू इंजिन मी उघडत नाही."

"माझ्यासाठी बघा." मग थोडं थांबून म्हणाली, "इंजिनातच असू दे काहीतरी."

हे वाक्य मला विचित्र वाटलं. आपल्या नवऱ्याचं काम कच्चं निघावं असं कुठली बायको म्हणते? मी रागाच्या भरात त्यावर विचार केला नाही. दिवसभर मी यंत्रातला दोष शोधतो, त्यामुळे दोष यंत्रातच असतो अशी सवय डोक्याला लागलेली.

शनिवारी तिसऱ्यांदा इंजिन टाकीवर. सासरे सकाळपासून येऊन बसले होते. मी त्यांच्याशी बोलत नव्हतो, ते माझ्याशी बोलत नव्हते, आणि तरी काम छान चाललं होतं. मला पाना लागायच्या आधी ते पाना पुढे करत होते. नळीला वेढा देऊन तार आवळायची होती, ती त्यांनीच आवळली, दोन बोटांत धरून, एका दमात, सुईत दोरा ओवावा तशी. या माणसाच्या हाताला काम दिलं की तो हात असा चालायचा.

खालचा कार्बोरेटर मी पुन्हा उघडला. जेट उजेडापुढे धरलं. लख्ख ठिपका. मी ते सासऱ्यांच्या डोळ्यापुढे धरलं. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि मान डोलावली. परत बांधलं. इंजिन चालू केलं, पाच मिनिटं तापू दिलं, स्लोला आणलं. असं इंजिन माझ्या हातून आयुष्यात तीन-चारदाच झालं असेल. कव्हराखालच्या भोकातून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धार सुटली होती, तीसुद्धा एकसारखी, न तुटता टाकीत पडत होती.

"ठेवा हात," मी म्हणालो.

त्यांनी तळहात ठेवला. डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. मला तर वाटलं, त्यांना स्वतःलाच ते म्हणायचं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. इंजिन बंद करायचं आणि सरळ सांगायचं, बाबा, सोमवारचं तुमचं तुम्ही बघा, असं मी ठरवलं आणि लाल बटण दाबलं. नेमका त्याच क्षणाला कोपऱ्यातला कंप्रेसर धडधडायला लागला. दुकान आवाजाने भरून गेलं. सासऱ्यांचे डोळे मिटलेलेच होते, हात कव्हरावर होता. मी तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले.

"हां, आता बघा," ते मोठ्याने म्हणाले. "बारीक पार गेली. काय केलंत? बारीकचा मागमूस नाही. मोठी तेवढी आहे."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं.

बंद इंजिनावर त्यांचा हात हलत होता. मनगटापासून, एका ठेक्यात, सेकंदाला चार-पाच वेळा. अंगठा आणि पहिलं बोट जणू काही चिमटीत चोळत असावीत तसं. इंजिनाचं कव्हर दगडासारखं शांत होतं आणि हात त्याच्यावर स्लोला चालला होता, अडखळत, थरथरत. तारेला वेढा देताना हाच हात कसा होता ते मी अर्ध्या तासापूर्वी पाहिलं होतं. काम करताना काही नाही. नुसता ठेवला की हे, आणि धक्क्याला लागताना तो हँडलावर नुसता ठेवलेलाच असतो.

मी बटणावरचं बोट काढलं.

माझा आवाज येईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं. मग, एकेचाळीस वर्षांच्या सवयीने, कव्हराखाली पाण्याच्या धारेकडे पाहिलं. धार नव्हती. भोकाला एक थेंब लोंबत होता, तो पडला.

"कधी बंद केलंत?" त्यांनी विचारलं.

"मघाशी," मी म्हणालो. "बारीक गेली म्हणालात त्याच्या आधी."

कंप्रेसर थांबला. त्यांनी हात कव्हरावरून उचलला नाही, तिथेच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. पाहुणा ओळखू येत नसला की आपण बघतो तसे.

"मला वाटत होतं," ते म्हणाले. "पण म्हटलं, इंजिनही असेल."

"इंजिनच आहे," मी म्हणालो. मी पाना उचलला. "खालच्या कार्बोरेटरचंच आहे काहीतरी. एखादं भोक राहिलं असणार माझ्याकडून. उघडतो परत. कच्चं काम झालंय माझं."

हे मी माझ्या तोंडाने म्हणालो. सतरा वर्षं जे ऐकायला नको होतं ते मी स्वतः म्हणत होतो, आणि त्यांनी हो म्हणावं म्हणून माझा जीव तुटत होता.

त्यांनी डाव्या हाताने माझ्या हातातला पाना काढून घेतला आणि बाकावर ठेवला. मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "वाचता येत नाही का तुम्हाला? चालू इंजिन उघडायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "चांगलं झालंय. फार चांगलं झालंय, जावईबापू."

ते ऐकून मला रडू आलं. आनंदाचं नव्हे.

दारात बायको उभी होती, हातात ट्रे घेऊन. केव्हापासून ते माहीत नाही. एक कप भरलेला, एक अर्धा. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. भरलेला कप हातात घेऊन ते गप्पा मारत बसले की चहा बशीत, बशीतून मांडीवर. वर्षभर ती हे सांभाळत होती, आणि मी घरात राहून पेल्यातलं पाणी बघत होतो.

सासऱ्यांनी अर्धा कप दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले. "सोमवारी तू चल," ते तिला म्हणाले. "हँडल तू घे. परवाना चालू आहे ना तुझा?"

"तुम्हीच दर वर्षी नवा करून आणता," ती म्हणाली.

"म्हणूनच विचारलं," ते म्हणाले. दुसऱ्यांदा चहा मागितला नाही.

सोमवारी पहिल्या खेपेला मीही गेलो. सेक्रेटरी मधल्या बाकावर वही मांडीवर घेऊन बसले होते. शाळेच्या बाई त्यांच्या मागे, पिशवी गुडघ्यावर धरून. बायको हँडलपाशी. सासरे पुढच्या टोकाला, दोर घेऊन, पाठमोरे. एकेचाळीस वर्षांत ते या बोटीत पुढे तोंड करून इतक्या पुढे कधी बसले नसतील. अकरा मिनिटं त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पलीकडचा धक्का जवळ आला तसं तिने इंजिन स्लोला आणलं. ते इतकं सुरेख बसलं की मला त्याचा संताप आला. बोट पाण्यावरून घसरत गेली आणि धक्क्याला टेकली तेव्हा धक्क्यावर बांधलेल्या टायरचासुद्धा आवाज आला नाही.

"वा," सेक्रेटरी म्हणाले. "सापडला म्हणायचा इंजिनातला दोष."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळेच्या बाई तर माझ्याकडे बघून क्षमा केल्यासारख्या हसल्या. मी मान डोलावणार होतो. खरंच डोलावणार होतो.

सासरे धक्क्यावर उतरले होते. त्यांनी दोराचे तीन वेढे खुंटीला घातले, घट्ट, एका दमात. मग सरळ उभे राहून उजवा हात सगळ्यांना दिसेल असा पुढे धरला. तो हलायला लागेपर्यंत थांबले.

"इंजिनात दोष नव्हता," ते बाईंना म्हणाले. "जावयाचं काम पहिल्यापासून चोख होतं. हा होता. तुमचा गुडघा कसा आहे?"

हे पूर्णपणे खरं नव्हतं. खालच्या कार्बोरेटरचं बारीक जेट तुंबलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण या वेळी मी मान डोलावली.